सरगाठ

निवृत्त सरकारी नोकराला घरात मानाचे स्थान असते. काम मात्र फारसे नसते. म्हणून गेल्या दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत माळा माझ्या वाट्याला आला. अनगोळातल्या आमच्या जुन्या घराचा माळा म्हणजे तीन पिढ्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून वर टाकलेल्या वस्तूंचे कोठार. त्यात एक पत्र्याची पेटी निघाली. कडी गंजलेली, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. शेवटी हातोडीने कुलूप तोडले आणि चुलतभाऊ, मी आणि पुतणे असे सारे त्या पेटीभोवती बसलो.

सर्वांत तळाशी मोडीतले कागद होते. त्यांच्यावर बाळबोध मराठीत लिहिलेल्या पावत्या, वाटणीपत्राची एक प्रत, सोसायटीची पासबुके. त्याही वर कन्नडमधले उतारे आणि घरपट्टीच्या नोटिसा. अगदी वर संगणकावर छापलेले दोन-चार कागद. शेत तेच, बांध तेच, विहीर तीच. कागदाची लिपी मात्र बदलत गेलेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, ही घटना आपण इतिहास म्हणून सांगतो. पेटीत ती एका बोटाच्या जाडीची होती. त्या थराखाली एक लिपी, त्या थरावर दुसरी.

धाकट्या चुलतभावाने विचारले, “दादा, ह्यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय?”

ज्या माणसाने सदतीस वर्षे महसूल खात्यात हाच प्रश्न सोडवण्याचा पगार घेतला, त्याला हा प्रश्न विचारणे स्वाभाविक होते. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. मला त्या क्षणी दुसराच एक कागद आठवला. तो आमच्या घरचा नव्हता.

मी 1983 साली बी.ए. होऊन कारकून म्हणून नोकरीला लागलो. एका तालुक्याच्या कचेरीत मला पहिले तीन महिने दप्तरखान्यात बसवले. नव्या पोराला तिथे बसवणे ही एक प्रकारची शिक्षाच समजली जाई. उंच लाकडी मांडण्या, लाल-पिवळ्या कापडात बांधलेले रुमाल, धूळ, वाळवीच्या औषधाचा वास आणि एकच खिडकी. त्या खोलीचे मालक म्हणजे आमचे रेकॉर्डकीपर अण्णा. त्यांची मातृभाषा कन्नड. पण मुंबई राज्याच्या काळात नोकरीला लागल्यामुळे मोडी त्यांना पाण्यासारखी येई. माझी मातृभाषा मराठी आणि मोडीचे एक अक्षर लागत नसे. माझ्या आजोबांच्या हातचा कागद मला एका कन्नड माणसाने वाचून दाखवावा, याची तेव्हा मला लाज वाटली होती. आज वाटते, त्या खोलीत जे घडत होते तेच खरे कचेरीचे काम होते.

पहिल्या आठवड्यात मी एक रुमाल पाहून झाल्यावर घट्ट बांधून ठेवला. अण्णांनी गाठीला बोट लावून पाहिले.

“तम्मा, ही गाठ कुणासाठी बांधलास?”

“दप्तरासाठी, अण्णा. सुटू नये म्हणून.”

“दप्तराला हात न्हाईत. सोडणाऱ्याला हाईत. उद्या माझ्या जागी जो बसंल, त्याच्या नखानं ही सुटंल काय?”

मग त्यांनी निरगाठ सोडवून सरगाठ कशी मारायची ते दाखवले. ओढली की घट्ट बसते, टोक धरले की एका झटक्यात सुटते. मी हसून मान डोलावली. एवढीशी गोष्ट, असे वाटले. तिची किंमत कळायला मला चार वर्षे लागली. आणि ती किंमत मी दिली नाही, दुसऱ्याच कुणीतरी दिली.

1986 च्या मे महिन्यात माझी दुसऱ्या कचेरीत बदली झाली. बदलीचा हुकूम सकाळी आला आणि संध्याकाळी मी चार्ज देऊन मोकळाही झालो. चार्ज म्हणजे काय, तर कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि रजिस्टरांची यादी. टेबलावरच्या प्रकरणांची यादी करायला दोन दिवस लागले असते. ती मी केली नाही. माझ्याजागी येणारा गृहस्थ हुशार आहे, बघून घेईल, असे मनाशी म्हणालो. वास्तविक एक प्रकरण मी मुद्दाम वेगळे काढून ठेवले होते. एका विधवा बाईचा वारशाचा अर्ज होता. नवरा वारलेला, मुले लहान. उताऱ्यावर तिचे आणि मुलांचे नाव लागायचे होते. त्यात एका नावाचा घोळ होता आणि तो सवडीने बघावा म्हणून मी ते प्रकरण पीकपाण्याच्या मासिक तक्त्यांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवले होते. तो गठ्ठा रोज माझ्या हाताखाली असे, म्हणून माझ्या दृष्टीने ती सर्वांत सुरक्षित जागा होती. माझ्या दृष्टीने!

पुढे वर्ष-सव्वा वर्षाने, 1987 च्या पावसाच्या अखेरीस, शनिवारच्या बाजाराच्या गर्दीत एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला ओळखले नाही. तिने मला ओळखले.

“साहेब, तुमी होता तवा माझा कागद हितं हाय म्हणून सांगत होतासा. आता न्हाईच म्हणत्यात. तुमी गेलासा आन कागदबी गेला काय की.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावण्याइतका आपला अधिकार आहे, असे तिला वाटतच नसावे. मी विचारपूस केली. उताऱ्यावर नाव नसल्यामुळे सोसायटीने पीककर्ज दिले नव्हते. दोन पेरण्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षी तिने दागिना विकून बियाणे घेतले, दुसऱ्या वर्षी निम्मी जमीन गावातल्या एकाकडे गहाण टाकली. अर्ज पुन्हा करा म्हणून तिला सांगितले गेले होते; पण जुन्या अर्जासोबतचे मूळ दाखले त्याच प्रकरणात होते.

त्याच आठवड्यात मी रजा टाकून जुन्या कचेरीत गेलो. अण्णा सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. दोघांनी मिळून दप्तरखान्यात तो तक्त्यांचा गठ्ठा शोधला. गठ्ठा वर्षाअखेरीस रीतसर बांधून दप्तरात जमा झाला होता. माझ्या हाताची गाठ तशीच होती. निरगाठ. ती सुटेना, तेव्हा अण्णांनी चाकूने कापली. आत ते प्रकरण होते, जसे मी ठेवले होते तसे. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कापलेली दोरी माझ्या हातात दिली.

नोटिशीची मुदत संपून यथावकाश त्या बाईचे नाव लागले. गहाण टाकलेली जमीन तिला परत मिळाली की नाही, हे मला कळले नाही. खरे सांगायचे, तर मी विचारले नाही.

या प्रसंगाचा विचार मी पुढे अनेक वर्षे केला. माझा अपराध नेमका कोणता? मी लाच घेतली नव्हती, कामचुकारपणाही केला नव्हता. त्या प्रकरणाची मला काळजी होती म्हणूनच तर ते बाजूला काढले होते. पण ही काळजी माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. आणि डोके बदलीबरोबर दुसऱ्या गावी गेले. कचेरीतले सहकार्य म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी गोडीने वागणे, चहा पाजणे, त्याच्या रजेत त्याचे काम ओढणे, असे आपण समजतो. तेही हवेच. पण खुर्चीवर आपल्या आधी बसून गेलेला आणि आपल्यानंतर बसणार असलेला, असे दोन सहकारी आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्याशी बोलण्याचे साधन एकच, ते म्हणजे दप्तर.

आपल्या जुन्या घराण्यांना हे नव्याने सांगायला नको. आपली आडनावेच दप्तरातून आलेली आहेत. चिटणीस पत्रे लिहीत, फडणीस हिशेब ठेवीत, मुजुमदार ते तपासत, पोतनीस खजिना सांभाळीत, दप्तरदार कागद राखीत. एकच कागद अनेक हातांतून जाई आणि प्रत्येक हात आपली खूण ठेवून पुढे देई. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे 35 हजार रुमाल आजही आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध केले. राज्य 1818 साली गेले. पण कोणत्या गावाने किती वसूल दिला, कोणत्या वाड्यावर किती खर्च झाला, हे शंभर वर्षांनंतर एका अनोळखी माणसाला उलगडता आले. त्या कारकुनांनी सरदेसाईंसाठी लिहिले नव्हते. आपल्या जागी उद्या येणाऱ्यासाठी लिहिले होते. म्हणून ते सरदेसाईंनाही समजले.

आपल्या काळात या कामाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती शेजारच्या राज्यात. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीतले कागदांचे डोंगर उपसून काढले. पुढे ही पद्धत ‘लखीना पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गेली. तिचे सूत्र साधे आहे. प्रत्येक कागदाला आयुष्य असते आणि ते आधी ठरवावे लागते. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क-1’ दहा वर्षांचा, ‘क’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. जे कायमचे नाही ते मुदतीनंतर नष्ट करायचे. सगळेच जपणाऱ्याला काहीच सापडत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

माझे एक मेहुणे तिकडे जिल्हा परिषदेत होते. त्यांनी मला टेबलावरच्या सहा गठ्ठ्यांची पद्धत समजावून सांगितली. पहिल्या गठ्ठ्यात आपण आज कार्यवाही करायची ती प्रकरणे. दुसऱ्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी. तिसऱ्यात नियतकालिक तक्ते. चौथ्यात स्थायी आदेश. पाचव्यात दप्तरखान्यात पाठवायची. आणि सहाव्यात मुदत संपून नष्ट करायची. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईचा कागद पहिल्या गठ्ठ्यातला होता आणि मी तो तिसऱ्यात ठेवला होता. सहा गठ्ठे असते, तर माझ्या जागी आलेल्या माणसाला मला ओळखण्याची, माझ्या सवयी ठाऊक असण्याची गरजच पडली नसती. त्याने पहिला गठ्ठा उघडला असता.

आमच्या राज्यातही थोड्या फरकाने अशी वर्गवारी नियमपुस्तकात होतीच. पण नियम पुस्तकात असणे वेगळे आणि टेबलावर असणे वेगळे. मी माझ्यापुरते सहा गठ्ठे सुरू केले. पुढे हाताखाली माणसे आल्यावर बदली होणाऱ्या प्रत्येकाकडून चालू प्रकरणांची यादी घेतल्याशिवाय त्याला सोडत नसे. “साहेब फार खोदतात,” असा माझा लौकिक झाला. खोदण्याचे कारण मी कुणाला सांगितले नाही.

मग संगणक आले. कर्नाटकात 2000 सालाच्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर गेले. राजीव चावला या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सुमारे 67 लाख खातेदारांचे जवळजवळ 2 कोटी उतारे भरले गेले. त्याआधी ते राज्यातल्या सुमारे नऊ हजार तलाठ्यांच्या पिशव्यांत होते आणि पिशवीचा बंद सोडण्यासाठी काय काय करावे लागे, हे वाचकांना सांगायला नको. आता तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे, मधला अर्ज पुढे सरकवता यायचा नाही, अशी सोय यंत्रातच करून ठेवली. कागद एकाच्या कपाटातून निघून सर्वांसमोर आला. मी या बदलाचा मनापासून चाहता आहे. 1987 साली ‘भूमी’ असती, तर त्या बाईचा अर्ज खोचून ठेवायला मला गठ्ठाच मिळाला नसता.

तरीही एक गोष्ट अनुभवाने सांगतो. संगणक नोंद सांगतो. ती नोंद तशी का झाली, हे मागचा कागद सांगतो. उताऱ्यावर आजोबांचे नाव चुकले असेल, तर ते कुठे चुकले हे शोधायला शेवटी जुन्या फेरफाराकडे, वाटणीपत्राकडे आणि कधी कधी मोडी कागदाकडेच जावे लागते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दप्तराची सूची ठेवणे हे प्रत्येक सरकारी कचेरीचे कर्तव्य ठरवले. पण सूची नसलेल्या खोलीत अर्जदार आणि कारकून दोघेही सारखेच आंधळे असतात. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा असंख्य फायली गेल्या. आणि मग जिल्ह्यांतून, इतर खात्यांतून प्रती गोळा करून त्या पुन्हा उभ्या करण्याची वेळ आली. ज्याने आपली प्रत नीट ठेवली, तोच त्या दिवशी खरा सहकारी ठरला. 2024 पासून आपल्याकडे ‘भू सुरक्षा’ नावाने तहसील कचेऱ्यांतल्या जुन्या दप्तरांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर साठवण्याचे काम सुरू झाले आहे. चांगलेच आहे. फक्त छायाचित्र घेतल्याने मोडी वाचता येत नाही. वाचणारा माणूस तयार करावा लागतो.

आता पुन्हा पेटीकडे येतो.

आमच्या पेटीत वाटणीपत्राची प्रत होती. पण तिची शेवटची दोन पाने नव्हती. ती शहापूरच्या चुलत्यांकडे निघाली. विहिरीच्या हिश्श्याचा कागद वडगावच्या आत्याच्या घरी होता. मोडीतला एक कागद तिसऱ्याच घरात देव्हाऱ्यामागे, हळद-कुंकू लावून ठेवलेला. जपणूक सगळ्यांनीच केली होती. सांगितले मात्र कुणी कुणाला नव्हते. जवळ कागद असला की आपला हात वर राहील, ही भावना प्रत्येक घरात. तालुक्याच्या कचेरीवर टीका करणारे आम्ही चारही भाऊबंद आपापल्या घरी छोटी कचेरीच चालवत होतो, आणि प्रत्येकाची गाठ निरगाठ होती.

मग मी कारकून झालो. सर्वांना एका रविवारी बोलावले, ओसरीवर सतरंजी टाकली आणि सहा गठ्ठे केले. वाटण्या, खरेदीखते, जुने उतारे हे ‘अ’. विजेची बिले आणि लग्नपत्रिका हे ‘ड’. लग्नपत्रिकांवरून घरच्या बायकांशी मतभेद झाला आणि मी माघार घेतली. प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन एक यादी केली. कागद कशाचा, कोणत्या साली, कोणत्या लिपीत, मूळ कुणाकडे. यादीच्या चार प्रती चार घरी गेल्या. मोडीचे कागद वाचून घ्यायला एक जाणकार शोधला. आणि माझ्या एका पुतणीने, तिला इतिहासाची आवड आहे, मोडी शिकायचे मनावर घेतले. एका दुपारी अर्धा एकरावरून पंचवीस वर्षे धुमसत असलेला अबोला संपला, असे मी म्हणणार नाही. पण कागद समोर आल्यावर दोघे प्रथमच एका बाजूला बसून तो वाचू लागले, एवढे मी पाहिले.

जाता जाता आपल्या मंडळांविषयीही चार शब्द. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे. अशा वयाची संस्था ज्या गावात आहे, तिथे कागद जपण्याची परंपरा नाही, असे कुणी म्हणू नये. पण गल्लीतली मंडळे, पतपेढ्या, भजनी मंडळे, साहित्य संमेलने भरवणाऱ्या समित्या यांची इतिवृत्ते कुठे आहेत? चिटणीस बदलला की वही जुन्या चिटणिसाच्या घरी राहते आणि त्याच्या पश्चात रद्दीत जाते. नवा चिटणीस पहिल्यापासून सुरुवात करतो. आपण सीमेवरची माणसे. आपण इथे होतो, काय करत होतो, याचा पुरावा दुसरे कुणी आपल्यासाठी राखून ठेवणार नाही. यासाठी मोठा खर्च नको. एक कपाट, एक आवक-जावक वही, इतिवृत्ताच्या दोन प्रती दोन घरी, आणि दर वार्षिक सभेत जुन्या चिटणिसाने नव्याला यादी वाचून दाखवून चार्ज द्यावा. सत्काराच्या नारळाबरोबर तेवढी यादीही द्यावी.

पेटीतले सहा रुमाल मी स्वतः बांधले. सरगाठ मारली. मोडी शिकणाऱ्या पुतणीला टोक धरून ओढायला सांगितले. सुटली. मग तिच्याकडून पुन्हा बांधून घेतली.

आणि एक नोंद राहिली होती, तीही आज करतो. त्या बाईच्या प्रकरणात विलंबाचे कारण म्हणून ‘मूळ कागद गहाळ’ असा शेरा आहे. माझ्या जागी आलेल्या गृहस्थाने तो लिहिला, मी तो वाचला आणि गप्प राहिलो. कागद गहाळ झाला नव्हता. मी ठेवला होता, आणि कुठे ठेवला ते सांगून गेलो नव्हतो.